गोळीला न जुमानणारे जंतू आणि संपिगे रस्त्यावरची मसाला पुरी

2024 च्या मार्चमध्ये कर्नाटक सरकारनं गोबी मंचुरियनमधल्या कृत्रिम रंगांवर आणि कॉटन कँडीत, म्हणजे आपल्या ‘बुढ्ढी के बाल’मध्ये, घातल्या जाणाऱ्या ऱ्होडामाइन-बी या रंगावर बंदी घातली. पुढं पाणीपुरीचे सुमारे 260 नमुने तपासले गेले, त्यांतल्या 41 नमुन्यांत आरोग्याला घातक असे कृत्रिम रंग निघाले. तेव्हापासून बेंगळुरूत गाडीवर उभा राहणारा माणूस प्लेटचा रंग न्याहाळू लागला. हे चांगलंच झालं. पण त्याच वर्षी एप्रिलमध्ये बेंगळुरू मेडिकल कॉलेजच्या वसतिगृहातल्या 47 विद्यार्थिनींना जुलाबांमुळं रुग्णालयात दाखल करावं लागलं, त्यात रंगाचा काही संबंध नव्हता. संशय होता कॉलऱ्याचा. त्याच सुमारास शहरातल्याच मल्लेश्वरम भागातल्या एका संशयित रुग्णाचीही बातमी आली. शहरातल्या 13,900 सरकारी बोअरवेलपैकी 6,900 आटल्याचं सरकारच सांगत होतं, आणि घरोघरी टँकरचं पाणी चाललं होतं. रंग डोळ्यांना दिसतो. जिवाणूला रंग नाही, वास नाही आणि बहुतेक वेळा चवही नाही.

मल्लेश्वरमशी मराठी माणसाचं नातं जुनं आहे. इथलं काडु मल्लेश्वराचं देऊळ शिवरायांचे बंधू व्यंकोजीराजे यांच्या काळाशी जोडलं जातं. आज इथं शिकायला आणि नोकरीला आलेली मराठी मुलंमुली पीजीत राहतात, आणि संध्याकाळी संपिगे रस्त्यावर किंवा आठव्या क्रॉसला काहीतरी खाऊनच खोलीवर जातात. ‘बाहेरचं खाऊ नका’ हा सल्ला त्यांच्या काही उपयोगाचा नाही, आणि तो द्यायची गरजही नाही. काय खावं, कुठल्या गाडीवर खावं आणि पोट बिघडलंच तर काय करावं, एवढं कळलं तरी पुष्कळ झालं. यातली शेवटची गोष्ट सगळ्यांत महत्त्वाची आहे, कारण पोट बिघडवणारे जंतू औषधाला दाद देईनासे होतात ते बऱ्याच अंशी तिथल्या चुकांमुळं.

एका प्लेटचा पंचनामा

बेंगळुरूची मसाला पुरी समोर ठेवा. कुस्करलेल्या पुऱ्या, त्यावर वाटाण्याचा उकळता रस्सा, वरून कांदा, टोमॅटो, किसलेलं गाजर, कोथिंबीर, चटण्या आणि शेव. एकाच प्लेटमध्ये दोन वेगळे पदार्थ आहेत. तळलेली पुरी आणि शेव कोरडी असतात, कोरड्यात जिवाणू सहसा वाढत नाहीत. पातेल्याखाली बर्नर चालू असेल आणि रस्सा रटरटत असेल, तर त्यातही जिवंत जंतू उरण्याची शक्यता फार कमी. इथपर्यंत प्लेट घरच्या जेवणाइतकीच सुरक्षित असते.

धोका वरून भुरभुरलेल्या भागात आहे. कांदा-टोमॅटो दुपारीच चिरून ठेवलेला असतो. गाजर-कोथिंबीर कुठल्या पाण्यात धुतली, हे आपल्याला दिसत नाही. बेंगळुरूचं सांडपाणी वाहून नेणाऱ्या वृषभावती नदीच्या खालच्या अंगाला, बैरमंगल तलावाच्या परिसरात, त्याच पाण्यावर शेती होते. पालेभाजीच्या पानापानांत बसलेले जंतू बादलीत एकदा बुचकळून जात नाहीत. हिरवी चटणी म्हणजे वाटलेली कच्ची कोथिंबीर आणि पाणी. चिंच-गुळाची चटणी मात्र उकळलेली असते आणि आंबट-गोडही, म्हणून ती त्यामानानं बरी.

पाणीपुरीत हा हिशेब उलटा होतो. तिथं कच्चा भागच मुख्य: न उकळलेलं पाणी, कुस्करलेला बटाटा आणि त्या पाण्यात दर पुरीगणिक मनगटापर्यंत बुडणारा हात. चिंचेच्या आंबटपणानं जंतूंची वाढ मंदावते, पण सगळे मरत नाहीत. शिगेला या हगवणीच्या जंतूचे दहा ते शंभर जीव पोटात गेले तरी आजार होऊ शकतो. म्हणून मसाला पुरी घेताना सांगा, ‘ईरुळ्ळि बेड, बिसि माडि कोडि.’ कांदा नको, गरम करून द्या. एवढं कानडी बोललात तर गाडीवाला खूश होतो आणि रश्श्याचा डावही थोडा जास्त पडतो.

वेळ आणि आच

अन्न 5 ते 60 अंश सेल्सियसच्या मध्ये राहिलं की जिवाणू वाढतात. त्याहून गार किंवा त्याहून गरम ठेवलं, तर वाढ थांबते किंवा फारच मंदावते. अनुकूल परिस्थितीत ई. कोलायसारखा जिवाणू साधारण वीस मिनिटांत दुप्पट होतो. दुपारी बाराला उकडून हातानं कुस्करलेल्या बटाट्यात एक जिवाणू पडला, तर संध्याकाळी सातपर्यंत एकवीस दुपटी होतात आणि एकाचे वीस लाख होऊ शकतात. त्यामुळं दिसायला अगदी स्वच्छ गाडीवरचा सात तासांचा बटाटा हा साध्याशा गाडीवर आत्ता कढईतून निघालेल्या मिरची भज्यापेक्षा धोक्याचा.

पुन्हा गरम केलं की सगळं मरतं, हेही पूर्ण खरं नाही. हाताच्या जखमेतून किंवा नाकातून अन्नात जाणारा स्टॅफिलोकॉकस जे विष सोडतो, ते उकळूनही जात नाही. भातात बॅसिलस सिरियसचे बीजाणू शिजवल्यावरही टिकतात. भात तासन्‌तास कोमट राहिला की ते जागे होतात आणि विष तयार करतात. सकाळचा चित्रान्न संध्याकाळी तव्यावर परतून दिला, तर तो गरम असतो, ताजा नसतो. खाल्ल्यावर एक ते सहा तासांत उलट्या सुरू झाल्या तर बहुधा असलंच काही विष कारणीभूत असतं, आणि त्यावर अँटिबायोटिकचा काडीचा उपयोग नाही.

टायफॉइडचं वेगळंच. तो खाल्ल्यानंतर एक ते तीन आठवड्यांनी डोकं वर काढतो. ‘काल पाणीपुरी खाल्ली आणि आज टायफॉइड निघाला’ असं कुणी म्हणालं, तर दोष कालच्या गाडीचा नाही. तो कुठल्या तरी जुन्या प्लेटचा किंवा पाण्याचा.

काय घ्यावं, काय टाळावं

बिनधास्त घेण्यासारखं: डोळ्यांसमोर तळलेली भजी आणि बोंडे, तव्यावरून थेट पानात येणारा दोसा, वाफेच्या भांड्यातून निघणारी इडली, भाजलेलं कणीस, सोलून खायचं केळं, समोर फोडलेलं शहाळं, उकळता चहा आणि फिल्टर कॉफी. कार्तिकात काडु मल्लेश्वराच्या देवळाजवळ कडलेकाई परिषे भरते, म्हणजे भुईमुगाच्या शेंगांची जत्रा. तिथल्या भाजलेल्या किंवा उकडलेल्या गरम शेंगांना स्वतःचंच टरफल असतं, त्याहून चांगलं वेष्टण कुठलं?

जपून घेण्यासारखं: खोबऱ्याची चटणी, कोशिंबीर, चिरलेला कांदा, दही घातलेले चाट, चुरमुऱ्यांच्या चुरमुरीतलं कच्चं गाजर. चुरमुरीवाला तुमच्यासमोर कांदा चिरून कालवत असेल तर ठीक. वर्तमानपत्राच्या सुरळीत बांधून देत असेल तर नको म्हणा; अन्न वर्तमानपत्रात बांधू नये, असं एफएसएसएआय या केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणानं बजावलेलं आहे.

टाळावंच असं: कापून ठेवलेली कलिंगड-अननसाची फोड, बर्फ घातलेला उसाचा रस, बर्फाचा गोळा. बर्फात जंतू मरत नाहीत, फक्त निजतात. महाराष्ट्रात 2018 पासून खाण्याचा नसलेला बर्फ निळसर रंगाचा असावा, असा नियम आहे. पण गाडीवर सरबतात पडलेला पांढरा बर्फही पिण्याच्या पाण्याचाच आहे, याची खात्री कोण देणार?

चिकन कबाब घेतलात तर तुकडा फोडून बघा. आत गुलाबी दिसला तर परत करा. 2025 च्या जानेवारीत पुण्यात सिंहगड रस्ता, किरकटवाडी, नांदेड गाव या भागांत गियाँ-बारे या मज्जातंतूंच्या आजाराचे रुग्ण वाढले. तेव्हा काही रुग्णांच्या शौचाच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी हा जिवाणू सापडला होता. दूषित पाणी आणि कच्चं राहिलेलं चिकन या त्याच्या ठरलेल्या वाटा आहेत.

गाडी निवडताना

आधी दोन मिनिटं बाजूला उभे राहून बघा. पैसे घेणारा हात आणि पुरी भरणारा हात एकच आहे का? असेल, तर हातमोजा घातलेला असूनही उपयोग नाही. नोट त्याच मोज्यानं घेतली जाते. प्लेटा एकाच बादलीत बुचकळून एकाच फडक्यानं पुसल्या जातात का? तसं असेल तर कागदी द्रोण मागा. पाणी तोटीच्या भांड्यातून येतं की उघड्या पातेल्यात तांब्या बुडवून घेतात? पदार्थ झाकलेले आहेत का?

आणि गर्दी बघा. सातव्या क्रॉसच्या सीटीआर या उपाहारगृहात बेण्णे, म्हणजे लोण्याच्या, दोशासाठी किंवा मार्गोसा रस्त्यावरच्या वीणा स्टोअर्ससमोर इडलीसाठी जी रांग लागते, ती चवीसाठी असते. पण तिचा एक फायदा असा की तिथं माल पडून राहत नाही. गाडीचंही तसंच. संध्याकाळी सहाला उकळत्या तेलाभोवती माणसं असतात. रात्री साडेदहाला उरलंसुरलं विकलं जात असतं. दर्शिनीत, म्हणजे उभ्यानं खायच्या उपाहारगृहात, गेलात तर ‘बिसि नीरु’ मागा. गरम पाणी सहसा लगेच मिळतं.

हट्टी जंतू येतात कुठून

आता औषधाला न जुमानणाऱ्या जंतूंकडं वळू. हे जंतू काही लोखंडाचे नसतात. जी आच साध्या ई. कोलायला मारते तीच हट्टी ई. कोलायलाही मारते. गोळीला दाद न देणारा जंतू उकळीला मुकाट्यानं दाद देतो. म्हणून वर सांगितलेली काळजी दोघांनाही सारखीच लागू पडते.

फरक पडतो तो जंतू शरीरात शिरल्यावर. अँटिबायोटिक घेतलं की पोटातले साधे जंतू मरतात, हट्टी तेवढे उरतात आणि मोकळ्या झालेल्या जागेत वाढतात. त्याहून वाईट म्हणजे हट्टीपणाची जनुकं ते प्लाझ्मिड नावाच्या डीएनएच्या छोट्या कड्यांवरून शेजारच्या वेगळ्या जातीच्या जंतूलाही देऊ शकतात. तुमच्या आतड्यातून ते सांडपाण्यात जातात, तिथून शेतात, कोथिंबिरीवर आणि पुन्हा कुणाच्या तरी प्लेटमध्ये. 2011 साली दिल्लीतल्या पाण्याचे नमुने तपासले गेले. एनडीएम-1 हे फार मोजकीच औषधं शिल्लक ठेवणारं जनुक तिथं रस्त्यावर साचलेल्या पाण्याच्या 171 पैकी 51 नमुन्यांत आणि नळाच्या पाण्याच्या 50 पैकी 2 नमुन्यांत सापडलं होतं.

असा जंतू लगेच आजारी पाडेलच असं नाही. 2017 साली नेदरलँड्समधल्या सुमारे दोन हजार प्रवाशांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. दक्षिण आशियात फिरून परतलेल्या दर चार प्रवाशांपैकी तिघांच्या पोटात ईएसबीएल बनवणारे, म्हणजे नेहमीच्या बऱ्याच अँटिबायोटिकना निकामी करणारे, जंतू नव्यानं मुक्कामाला आले होते. बहुतेकांच्या पोटातून ते काही महिन्यांत निघून गेले, काहींच्या पोटात वर्षभर राहिले. प्रवासात अँटिबायोटिक घेणाऱ्यांना ते अधिक चिकटले, ही त्या अभ्यासातली लक्षात ठेवण्याजोगी गोष्ट. आतड्यात गुपचूप राहिलेला हाच ई. कोलाय पुढं कधी लघवीच्या मार्गात शिरला, की साध्या गोळीनं बरा होणारा संसर्ग इंजेक्शनांवर आणि रुग्णालयात भरती होण्यावर जातो. 2019 या एका वर्षात जगभरात सुमारे 12 लाख 70 हजार मृत्यू थेट औषधाला न जुमानणाऱ्या जिवाणूंमुळं झाले.

पोट बिघडलंच तर

मल्लेश्वरममध्ये काय, पुण्यात काय, ठरलेली चाल एकच: मेडिकलमध्ये जायचं, ‘लूज मोशन होतायत’ म्हणायचं आणि नॉरफ्लॉक्सासिन-टिनिडाझोलची जोडगोळी घेऊन यायचं. दोन गोळ्यांत बरं वाटलं की उरलेलं पाकीट डब्यात, पुढच्या वेळेसाठी. खरं म्हणजे पाण्यासारखे जुलाब बहुतेक वेळा दोन-तीन दिवसांत आपोआप थांबतात. गोळी घेतली नसती तरी तितक्यातच बरं वाटलं असतं. गोळीनं फक्त पोटातल्या हट्टी जंतूंची सोय केली.

पाण्यासारख्या जुलाबांवर पहिलं औषध ओआरएस. 1971 साली बांगलादेशच्या निर्वासितांच्या बनगाव इथल्या छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखरेचं पाणी पाजून हजारो कॉलराग्रस्तांना वाचवलं, मृत्यूचं प्रमाण सुमारे 30 टक्क्यांवरून चार टक्क्यांच्या खाली आलं. तेच तत्त्व आजच्या पाकिटात आहे.

• जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राचं पाकीट घ्या, पाकिटावर सांगितलेल्या मापाच्याच, बहुधा एक लिटर, उकळून गार केलेल्या पाण्यात पूर्ण विरघळवा, 24 तासांत संपवा. अर्धं पाकीट अंदाजानं कपात टाकू नका.
• प्रत्येक जुलाबानंतर मोठ्यांनी एक-दोन पेले, दोन ते दहा वर्षांच्या मुलाला अर्धा ते एक कप, त्याहून लहानाला पाव ते अर्धा कप. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबून चमच्या-चमच्यानं द्या.
• पाकीट नसेल तर एक लिटर पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. मीठ जास्त झालं तर अपाय होतो, म्हणून चमचा सपाटच हवा.
• चकचकीत डब्यातलं फळांच्या चवीचं गोड पेय म्हणजे ओआरएस नव्हे. 2025 च्या ऑक्टोबरमध्ये एफएसएसएआयनं असल्या पेयांच्या नावात ‘ओआरएस’ हा शब्द वापरायला मनाई केली.
• जेवण बंद करू नका. मऊ भात, ताक, केळं, इडली चालते. लहान मुलांना डॉक्टरांच्या सल्ल्यानं जस्ताच्या गोळ्या द्या, तान्ह्याचं अंगावरचं दूध चालू ठेवा.
• जुलाब ‘बांधणारी’ गोळी लहान मुलांना देऊ नका. ताप असेल किंवा शौचातून रक्त पडत असेल तर मोठ्यांनीही ती टाळा.

डॉक्टरांकडं मात्र ताबडतोब जा, जर शौचात रक्त असेल, अंगात बराच ताप असेल, सहा-आठ तास लघवी झाली नसेल, पाणीही पोटात टिकत नसेल, माणूस गुंगीत असेल, तांदळाच्या पेजेसारखे भरमसाट जुलाब होत असतील किंवा तीन दिवसांत उतार पडला नसेल. तान्ही बाळं, म्हातारी माणसं आणि गरोदर स्त्रिया यांच्या बाबतीत इतकीही वाट पाहू नका. अशा वेळी अँटिबायोटिक लागतंही. ते कुठलं आणि किती दिवस, हे डॉक्टरांनी ठरवायचं.

तापाची गोष्ट वेगळी

चार-पाच दिवस चढत जाणारा ताप असेल, तर टायफॉइडचा विचार करायला हवा. इथं एक आग्रह धरा: अँटिबायोटिकची पहिली गोळी घेण्याआधी ब्लड कल्चरसाठी रक्त द्या. आपल्याकडं विडाल चाचणीवर भिस्त असते, पण ती आधीच्या संसर्गामुळं किंवा दुसऱ्याच तापामुळंही ‘पॉझिटिव्ह’ येऊ शकते. कल्चरमध्ये जंतू सापडला तर कुठलं औषध लागू पडेल, तेही कळतं. हे महत्त्वाचं, कारण आपल्याकडच्या टायफॉइडच्या बहुतांश जंतूंवर सिप्रोफ्लॉक्सासिन हे एकेकाळचं हुकमी औषध आता चालत नाही. पाकिस्तानातल्या सिंध प्रांतात तर 2016 पासून सेफ्ट्रिॲक्सोनलाही न जुमानणारा टायफॉइड पसरला.

पण यातच आशेची एक बाजूही आहे. 1990 च्या सुमारास टायफॉइडवर निकामी ठरलेलं क्लोरॅम्फेनिकॉल पुढं फारसं वापरात राहिलं नाही, आणि आज भारतातले टायफॉइडचे बहुतेक जंतू त्याला पुन्हा दाद देतात. औषधाला विश्रांती दिली की त्याची धार परत येऊ शकते.

टायफॉइडची लस आहे, हे अनेकांना ठाऊक नसतं. 2018 मध्ये नवी मुंबई महापालिकेनं नऊ महिने ते चौदा वर्षांच्या एक लाखाहून अधिक मुलांना टायफॉइडची कॉन्जुगेट लस दिली. सार्वजनिक कार्यक्रमातून ही लस देण्याचा जगातला तो पहिला प्रयोग होता. पीजीत राहणाऱ्या, रोज बाहेर जेवणाऱ्या मुलामुलींनी आपल्या डॉक्टरांना तिच्याबद्दल जरूर विचारावं.

मेडिकलच्या आणि गाडीच्या काउंटरवर

औषधाच्या पट्टीवर उभी लाल रेघ असेल तर ते चिठ्ठीशिवाय घ्यायचं नाही, एवढा साधा त्याचा अर्थ. 2014 पासून अनेक प्रबळ अँटिबायोटिक एच-1 यादीत आहेत. ती विकताना रुग्णाचं आणि डॉक्टरांचं नाव वेगळ्या नोंदवहीत लिहिणं केमिस्टला बंधनकारक आहे. तो विचारत नसेल तर आपण मागू नये. उरलेल्या गोळ्या ठेवू नका, मैत्रिणीला देऊ नका.

गाडीवाल्यालाही नियम आहेत. छोट्या विक्रेत्यानंही एफएसएसएआयची नोंदणी करायची असते आणि चौदा आकडी क्रमांक गाडीवर लावायचा असतो. गंभीर तक्रार असेल तर 1800112100 हा क्रमांक किंवा ‘फूड सेफ्टी कनेक्ट’ ॲप आहे. पण प्रत्येक वेळी तक्रारच हवी असं नाही. ज्याला रस्त्याच्या कडेला नळ नाही, शौचालय नाही, त्याच्याकडून शस्त्रक्रियेच्या खोलीतली स्वच्छता मागणं अन्यायाचं आहे. 2018 मध्ये अहमदाबादच्या कांकरिया तलावाभोवतालच्या गाड्यांना पाणी, कचरापेट्या आणि प्रशिक्षण दिलं गेलं, तेव्हा तो देशातला पहिला ‘स्वच्छ खाऊगल्ली’चा मानकरी ठरला. मल्लेश्वरममधल्या नागरिकांनी आपल्या लोकप्रतिनिधींकडं मागायची गोष्ट ही आहे: गाडी हटवा, असं नव्हे, गाडीपाशी नळ द्या.

तोवर आपल्या हातात आहे ते आपण करावं. गरम खावं, कच्चं आणि बर्फाळ सोडावं, जेवणाआधी साबणानं हात धुवावेत, आणि पोट बिघडलं तर आधी ओआरएस घ्यावं. चिठ्ठीशिवाय अँटिबायोटिक मागणाऱ्या आपल्या घरातल्या माणसाला काउंटरवरूनच परत आणा. तेवढ्यानंही आज चालणारं औषध आपल्या मुलांच्या वेळी कामाला येईल.